मिस कॉल सिएरा लिओनचा, बिल आप्पांचे: फोन कंपनीला हे आधी कळत नाही का?

घाटमाथा

आप्पा, वय ७४, मुक्काम सातारा. फोन पोस्टपेड, कारण "रिचार्ज संपला की माणूस तुटतो" हे त्यांचे ठाम मत. गेल्या महिन्यात पहाटे पावणेतीनला फोन एकदाच वाजला आणि थांबला. चष्मा शोधून बघतात तर नंबराच्या आधी अधिकचे चिन्ह. आमच्या घरात अधिकचे चिन्ह म्हणजे परदेश आणि परदेश म्हणजे ताई. ताई दोह्याला असते आणि तिला आठवा महिना. आप्पांनी लगेच उलट फोन लावला. पलीकडे नुसती रिंग वाजत राहिली. असा तीनदा लावला, दर वेळी दीड-दोन मिनिटे कानाला धरून बसले. कोणी उचलला नाही. सकाळी ताईला विचारले तर ती रात्रभर गाढ झोपलेली.

बिलात आयएसडीचे ६४० रुपये जादा. तीन कॉल, देश सिएरा लिओन. (आप्पांनी नातवाचा नकाशा काढून देश शोधला. या प्रकरणातून झालेला एवढाच लाभ.)

कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "सर, कॉल तुमच्याच नंबरवरून गेलेला आहे." ते खरेच आहे. पण "उचललाच नाही तर पैसे कसले?" याला तिच्याकडे उत्तर नव्हते. कंपनीचे नाव लिहीत नाही, दुसरीकडेही हेच ऐकायला मिळाले असते.

माझा प्रश्न वेगळा आहे. माझे कार्ड रात्री परदेशात चालले तर बँक दोन मिनिटांत मेसेज करते. ज्या माणसाने दहा वर्षांत दोह्याशिवाय परदेशात कुठेही फोन लावलेला नाही, तो पहाटे तीनला आफ्रिकेत तीन फोन लावतो आणि फोन कंपनीला काहीच वाटत नाही? जाणकारांनी सांगावे.

मेथीची जुडी

अरेरे. आप्पांना सांगा, एकटे नाहीत ते. याला वनगिरी म्हणतात ना?

खडूस काका

वनगिरी? कुठल्या तालुक्यात येतो? पायथ्याला पिठलं-भाकरी मिळते का?

बिनतारी

काका :) शब्द जपानी आहे. 'वन' हा इंग्रजीतलाच एक, आणि 'किरू' म्हणजे तोडणे. एक रिंग देऊन तोडायचा. २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जपानमध्ये याचा सुळसुळाट झाला आणि तिथूनच नाव जगभर गेले.

मी अकरा वर्षे एका फोन कंपनीच्या फ्रॉड विभागात काढली, आता त्या धंद्यात नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. आधी पैशांचे बघू, कारण पकडायचे कसे ते त्यातूनच कळते.

मिस कॉल देणाऱ्याला खर्च जवळजवळ शून्य. कॉल उचलला गेला नाही तर आकार लागत नाही, हे जगभर जवळजवळ सगळीकडे. एक साधा संगणक रात्रीतून लाखभर नंबरांना टिचकी मारून येतो. त्यातले शंभरातले दोघे-तिघे जरी उलट फोन लावत असले तरी त्याचे भागते. उलट फोन लागला की तुमची कंपनी तो दुसऱ्या वाहतूकदार कंपनीकडे देते, ती तिसरीकडे, असे करत तो त्या देशाकडे जातो. जिथे फोन संपतो तिथल्याला प्रत्येक मिनिटामागे पैसे मिळतात. काही छोट्या देशांत हा दर भलताच चढा आहे. अशा देशांच्या नंबरांचे पट्टे भाड्याने घेऊन, "या नंबरांवर कॉल आणा, मिनिटामागे एवढे तुमचे" असा व्यवहार करणारे दलाल आहेत. आप्पांच्या ६४० रुपयांतला काही भाग तुमच्या कंपनीचा, काही मधल्यांचा आणि काही त्या टिचकीवाल्याचा.

दोन गोष्टी अजून. एक, सिएरा लिओनच्या लोकांना शिव्या देऊ नका. पुष्कळदा कॉल त्या देशात पोचतच नाही, मधल्याच एखाद्या वाहतूकदाराकडे परस्पर वळवला जातो. दुसरे, आप्पांनी ऐकलेली रिंग खरी नसणार. कॉल पलीकडे लगेच 'उचलला' गेला, मीटर पडले आणि त्यांच्या कानात रेकॉर्ड केलेली रिंग वाजत राहिली. माणूस रिंग ऐकतो, अजून थोडे थांबू म्हणतो, आणि तेच त्यांना हवे असते.

घाटमाथा

म्हणजे आप्पा दीड मिनिट रिंग वाजू देत होते त्याचे पैसे! हे त्यांना सांगायला नको, झोप उडेल.

पाणंद

सगळ्यांनी सावध! माझ्या ग्रुपवर आले आहे की +३७५, +३७१ वरून आलेला कॉल परत लावला तर ३ सेकंदांत तुमचे सगळे कॉन्टॅक्ट आणि बँकेची माहिती कॉपी होते. कृपया शक्य तितक्या ग्रुपवर पाठवा.

बिनतारी

पाणंद, हा मेसेज जुना आहे आणि त्यातला अर्धा भाग थापेबाजी. +३७५ बेलारूस, +३७१ लाटव्हिया, आणि तिथल्या नंबरांवरून वनगिरी झालेली आहे हे खरे. पण नुसता फोन लावून कॉन्टॅक्ट किंवा बँकेची माहिती पलीकडे जात नाही, तसा रस्ताच नाही. जातात ते पैसे. धोका असतो तो * आणि # वाले कोड कोणाच्या सांगण्यावरून डायल करण्यात. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या नंबरावर वळतात आणि मग ओटीपीचा कॉलही तिकडे. म्हणून तर दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून कॉल वळवण्याची सोय बंद करायला लावली.

पाणंद

बरं. ग्रुपवर परत टाकतो. मात्र काकूंनी ते आधीच अकरा ग्रुपवर पाठवले आहे.

खडूस काका

पैशांचे कळले. आता मूळ मुद्दा. कंपनीला दिसते का नाही?

बिनतारी

दिसते, पण योग्य ठिकाणी बघितले तर. इथे एक गंमत आहे, बाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते.

फोन कंपनीच्या फ्रॉड विभागाला जुन्या पद्धतीत जी माहिती मिळते ती बिलिंगकडून. कोणी, कोणाला, किती वाजता, किती सेकंद, याची एकेक ओळ. बोलणे काय झाले ते त्यात नसते, हे आधीच सांगतो. पण बिलिंगची ओळ बनते उचललेल्या कॉलची. न उचललेल्या कॉलचे बिल नाही, म्हणून ओळही नाही. आणि वनगिरीचा पहिला भाग तर पूर्ण न उचललेल्या कॉलचाच! म्हणजे चोर घराच्या ज्या दारातून येतो त्या दाराला कॅमेराच नाही. आम्हाला दिसायचे ते फक्त उलट गेलेले कॉल, तेही काही तासांनी, हिशेब गोळा झाल्यावर.

न उचललेला कॉलही नेटवर्कमध्ये खुणा सोडून जातो. कॉल जोडण्यासाठी एक्स्चेंज एकमेकांशी जे बोलतात त्या संदेशांत सगळे असते: कॉल कुठून आला, किती वेळ वाजला, कोणी तोडला. ते संदेश वेगळे टिपून साठवावे लागतात. त्याला खर्च आहे आणि त्यातून बिल वाढत नाही, त्यामुळे ते काम मागे पडते. पुढचे तुम्ही समजून घ्या.

एकदा ते संदेश हातात आले की चित्र अगदी ढोबळ दिसते. समजा एक परदेशी नंबर तासाभरात पाच हजार जणांना कॉल करतो. एकालाही दुसऱ्यांदा नाही. प्रत्येक कॉल सेकंद-दोन सेकंद वाजतो आणि करणाराच तोडतो. उचलले गेलेले कॉल जवळजवळ शून्य. कधी कधी तर नंबर ओळीने लावलेले असतात, शेवटचे आकडे ४१, ४२, ४३ असे. माणूस असा फोन करत नाही, लग्नाच्या आमंत्रणाला बसलेली मावशीसुद्धा नाही.

केतकी पान

माझी शंका. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. चुलतभाऊ कुवेतला, मामेभाऊ मस्कतला. आखातातून मिस कॉल ही आमच्या घरांची भाषाच होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे पैसे पाठवले, तीन म्हणजे फोन करा. तुमची यंत्रणा म्हणणार, परदेशी नंबर, लहान रिंग, करणाऱ्यानेच तोडला. चोर! आमच्या अख्ख्या वाडीला चोर ठरवाल.

मेथीची जुडी

+१. आणि आपल्याकडे मिस कॉलवर धंदे उभे राहिलेत की. बंगलोरची झिपडायल कंपनी तेवढ्यावर चालायची, २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली. अण्णा हजारेंच्या २०११ च्या आंदोलनाला लोकांनी पाठिंबा दिला तोही मिस कॉलनेच. आमचा दूधवाला अजूनही गेटवरून मिस कॉल देतो.

बिनतारी

केतकी, एकदम बरोबर शंका, आणि आमच्या विभागात नवीन आलेला प्रत्येक जण हीच चूक करायचा. मिस कॉल पकडायला निघाले की अख्खा देश पकडला जातो. तुमचा भाऊ दिवसाला चार-पाच ठरावीक नंबरांना रिंग देतो, तेच तेच. तो कोणाच्या आकड्यात बसणार नाही. मिस कॉलच्या सेवा उलट्या दिशेच्या: लोक एका नंबराला रिंग देतात, एक नंबर लोकांना देत नाही. दूधवाला देशातला, त्याला उलट फोन लावला तर कोणाला कमिशन मिळत नाही.

म्हणून मी नेहमी म्हणायचो, पैसे मिस कॉलमध्ये नाहीत, परतीच्या कॉलमध्ये आहेत. पहारा तिथे बसवा. खरी खात्री पटते दोन्ही बाजू जोडल्यावर. एका विदेशी नंबराला आपल्या सगळ्या ग्राहकांनी मिळून गेल्या महिन्यात एकही फोन केलेला नाही. आज अर्ध्या तासात दोनशे जणांनी केला, आणि त्या दोनशेंपैकी सगळ्यांना तासाभरापूर्वी तिथूनच एक सेकंदाची रिंग आलेली. याला दुसरे स्पष्टीकरण नाही. सवय बघायची ती एका आप्पांची नाही, दोनशे आप्पांची. एकेकट्या माणसाच्या सवयीवर घंटा वाजवली तर पहिल्यांदा परदेशी गेलेल्या प्रत्येक मुलाच्या आईचा फोन अडेल.

अजून एक बारकावा. हे लोक नंबर बदलत राहतात, पण भाड्याने घेतलेला पट्टा तोच असतो. तेव्हा एक नंबर रोखून उपयोग नाही, शेवटचे तीन-चार आकडे झाकून उरलेल्यावर लक्ष ठेवायचे.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे अजून एक फसगत आहे. अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियन बेटांपैकी बरीचशी एकाच +१ मध्ये येतात. ८७६ म्हणजे जमैका, ४७३ म्हणजे ग्रेनाडा, ८०९ डॉमिनिकन रिपब्लिक. दिसायला शेजारच्या राज्यातला नंबर, आकार परदेशाचा. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना ४७३ हा बोस्टनजवळचा वाटला होता.

मे २०१९ मध्ये इथल्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मुद्दाम इशारा दिला होता: न्यू यॉर्क आणि ॲरिझोनात रात्री-अपरात्री २२२, म्हणजे मॉरिटानियाच्या कोडवरून एकेक रिंग येत होती. वेळ बघा, आप्पांसारखीच. झोपेतल्या माणसाला घरच्यांचीच काळजी आधी वाटते. त्या वर्षाच्या शेवटी रोबोकॉलविरोधी कायदा झाला, त्यात एक रिंगवाल्यांसाठी वेगळे कलम आहे. २०२० मध्ये एफसीसीने कंपन्यांना असे नंबर ग्राहकाला न विचारता सरळ अडवायची मुभा दिली.

खडूस काका

आणि आपल्याकडे? ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठा गाजावाजा झाला होता की परदेशी बोगस कॉल अडवणारी यंत्रणा आली, २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले. मग आप्पांचा कसा सुटला?

बिनतारी

कारण ती यंत्रणा वेगळ्या चोरासाठी आहे. परदेशातून येणारा पण अंगावर +९१ चा खोटा बिल्ला लावलेला कॉल ती अडवते. 'डिजिटल अरेस्ट'वाले, कुरियरवाले, त्यांची ही तऱ्हा. भारतीय नंबर खरोखर परदेशात रोमिंगवर आहे का, हे तपासले की खोटे उघडे पडते. काम चांगले झाले, पण वनगिरीवाल्याला बिल्ला बदलायची गरजच नाही. तुम्ही त्याच्या परदेशी नंबरावर उलट फोन लावावा हीच तर त्याची इच्छा. तो दारावर स्वतःचे नाव सांगून येतो. अमेरिकेत २०२१ पासून कॉलवर नंबर खरा असल्याच्या सही-शिक्क्याची जी पद्धत आणली, तीही याच कारणाने इथे तोकडी पडते.

आपल्याकडे वनगिरीवर खरा उतारा २०१२ मध्येच निघाला होता. ग्राहकाने स्पष्ट संमती दिल्याशिवाय प्रीपेडवर आयएसडी चालू ठेवू नका, असे ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना बजावले. आणि दुसरा उतारा कोणी न ठरवता मिळाला. अनलिमिटेड पॅकमुळे बहुतेकांच्या मुख्य बॅलन्समध्ये पैसेच नसतात. उलट फोन लावला तर "अपुरी शिल्लक" ऐकू येते आणि चोर उपाशी. सापडतात ते पोस्टपेडवाले, ऑफिसचे टेलिफोन बोर्ड आणि परदेशातले आपले लोक. आप्पांचे "माणूस तुटतो" तत्त्व त्यांना महागात पडले म्हणायचे.

उंबरठा

ऑफिसच्या बोर्डावरून आठवले. आमची छोटी सहल कंपनी आहे, पुण्यात. वेबसाइटवर "नंबर द्या, आम्ही फोन करतो" असा फॉर्म. मध्यंतरी एका शनिवार-रविवारी चाळीसेक चौकश्या आल्या, सगळे नंबर परदेशी. आमच्या मुलीने सोमवारी बसून इमानदारीत सगळ्यांना फोन लावले. एकही गिऱ्हाईक मिळाले नाही, बिल मात्र मिळाले. हाच प्रकार का?

बिनतारी

हाच. पुढची आवृत्ती. मिस कॉल द्यायचेही कष्ट नाहीत, फॉर्म भरणारा प्रोग्राम सोडायचा. तुमच्या फोन कंपनीला यात पहिला भाग दिसणारच नाही, कारण तो फोनवर घडलेलाच नाही. परतीच्या कॉलवर पहारा असता तर मात्र सोमवारी तिसऱ्या-चौथ्या कॉललाच तुम्हाला फोन आला असता. तोवर फॉर्ममध्ये ज्या देशांशी तुमचा धंदा आहे तेवढेच कोड ठेवा, आणि बोर्डाची आयएसडी शनिवारी संध्याकाळी बंद करायला सांगा. हे लोक शनिवार-रविवार बघून येतात, कारण तेव्हा फ्रॉड विभागात माणसे कमी असतात. आमच्याकडेही असायची.

घाटमाथा

बिनतारी, एवढे सगळे जमते तर मग कंपन्या करत का नाहीत? त्यांनाही त्यात वाटा मिळतो म्हणून?

बिनतारी

हा प्रश्न येणार माहीत होते. वाटा मिळतो, नाकारत नाही. पण ग्राहकाने भांडून बिल माफ करून घेतले तर कंपनीलाच खड्डा पडतो, कारण पुढच्या वाहतूकदाराला पैसे द्यावेच लागतात, करारच तसा असतो. म्हणून मोठा हल्ला झाला की कंपन्या धावतात, सुटे ६४० रुपये कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत. आणि अशी सुटी ६४० रुपयांची बिले किती असतील ते तुम्हीच बघा.

माझ्या मते सगळ्यात झोंबणारा उपाय म्हणजे पैसे अडवणे. कॉल अडवले तर तो उद्या दुसरा पट्टा घेतो. पैसे महिनाभर अडकले तर दलालच त्याला दारात उभा करत नाही. युरोपीय महासंघाच्या दूरसंचार कायद्यात अशी तरतूद आहे की फसवणुकीच्या प्रकरणात नियामक त्या नंबरांपर्यंतचा रस्ता बंद करायला आणि कंपन्यांमधला हिशेब रोखून धरायला सांगू शकतो. हिशेबाची साखळी लांब असते, खालच्याने रोखले की वरचे सगळे एकेक करून रोखतात.

ग्राहकाच्या बाजूने बघायचे तर सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे जोडण्यापूर्वीची सूचना. अशा संशयित पट्ट्यावर फोन लावला की आधी आवाज यावा: "आपण अमुक देशात फोन लावत आहात, दर मिनिटाला इतके रुपये, पुढे जायचे असल्यास १ दाबा." कॉल अजून जोडलेला नसतो, त्यामुळे त्या वेळेचा आकार लागत नाही.

केतकी पान

ताईच्या काळजीत असलेल्या आप्पांनी १ दाबला असता.

घाटमाथा

नुसते "आंतरराष्ट्रीय कॉल" म्हटले असते तर नक्की दाबला असता. पण "सिएरा लिओन" ऐकले असते तर थांबले असते. आप्पांना दोहा कुठे आहे ते पक्के माहीत आहे.

बिनतारी

हे मला अकरा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. आम्ही दराच्या आकड्यावर वाद घालत बसायचो, देशाचे नाव घ्यावे हे डोक्यातच आले नाही.

दूरदेशी

व्हॉट्सॲपचे काय? मे २०२३ मध्ये भारतातल्या सगळ्या नातेवाइकांना +६२, +८४, +२५४ वरून रिंगा येत होत्या.

बिनतारी

इंडोनेशिया, व्हिएतनाम, केनिया. ती वनगिरी नव्हे, कारण व्हॉट्सॲपवर उलट कॉल केला तर मिनिटाचा आकार नसतो. तो नंबर जागता आहे का हे बघण्याचा आणि पुढे घरबसल्या नोकरीचे आमिष दाखवण्याचा उद्योग. जून २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अनोळखी कॉल गप्प करायची सोय दिली, ती आई-वडिलांच्या फोनवर चालू करून टाका. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षु'वर संशयित कॉलची तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

घाटमाथा

ताजी खबर. कंपनीकडे लेखी तक्रार केली. बिनतारींच्या प्रतिसादातले मुद्दे जवळजवळ तसेच उतरवले, खास करून "उचलल्याचा देखावा करून रिंग वाजवली" हा. आठ दिवसांनी ६४० पैकी ४०० वळते झाले. उरलेले का नाही, हे विचारायची ताकद नाही. आयएसडी बंद केली, ताईशी व्हॉट्सॲपवर बोलतात. आणि आप्पांना बजावून ठेवले आहे की अनोळखी परदेशी नंबराला काही झाले तरी उलट फोन लावायचा नाही.

मेथीची जुडी

छान झाले. ताईला शुभेच्छा!

घाटमाथा

तीन आठवड्यांनी लिहितोय. गुरुवारी रात्री दीडला आप्पांच्या फोनवर एक रिंग वाजली, कट झाली. नंबर +९७४, पण ताईचा नव्हे, जावईबापूंचाही नव्हे. आप्पांनी बघितला, आमची ताकीद आठवली आणि फोन उशीखाली सारून झोपले. हॉस्पिटलच्या टेबलावरचा फोन होता. जावईबापूंची बॅटरी संपली होती, जो एक नंबर पाठ होता तो लावला, लाइन तुटली. सकाळी सातला आम्हाला कळले.

केतकी पान

अहो!! मुलगा की मुलगी?

घाटमाथा

मुलगी. तीन किलो शंभर. दोघी मजेत आहेत. आप्पा माझ्याशी बोलत नाहीयेत.